निळूकाकाचं पान

परवा गणपतीत आमच्या विद्याधरनं भाषण ठोकलं. विद्याधर म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्याला संस्कृतीचा झटका आला आहे. झाशीत आम्ही दक्षिणी लोक उरलो मूठभर. त्यातल्या निम्म्यांची पोरं घरात हिंदी बोलतात आणि आरतीला नुसती टाळ्या वाजवतात. अशा सभेपुढे हा उभा राहिला आणि म्हणाला, "हमारे... आपलं, आमच्या घराण्यात पेशव्यांच्या वेळेपासून एक कुळाचार चालत आला आहे. पितृपक्षातल्या षष्ठीला घरातली वडीलधारी बाई पान वाढून दाराबाहेर गल्लीत जाते. तिथे जो कोणी भुकेला बसला असेल त्याला आपल्या हातानं भरवते, आणि त्याच्याच पानातलं उचलून स्वतः खाते. ही आपल्या पूर्वजांची उदारता!"

टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडात कोंबला. शेजारची म्हणाली, "इंदूताई गहिवरल्या हो."

पूर्वजांची उदारता म्हणे! आमच्या पूर्वजांनी दारातल्या मांजराला कधी हातानं घास दिला नसेल. ते पान पेशव्यांचं नाही आणि कुळाचंही नाही. ते निळूकाकाचं पान आहे. निळूकाका म्हणजे माझ्या वडिलांचा सख्खा धाकटा भाऊ, नीलकंठ. तो ख्रिस्ती झाला होता. विद्याधरला हे ठाऊक नाही, कारण त्याच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते कुणाला ठाऊक होऊ दिलं नाही. मी मात्र तेव्हा परकरी पोर होते, सगळीकडे लुडबुडत असे, आणि मला सगळं दिसत होतं.

खंडेराव गेटाच्या आत आमचं देवीचं देऊळ होतं आणि देवळाला चिकटून तीन खोल्यांचं घर. सत्तावनच्या गदरानंतर इंग्रजांनी देवळाची जमीन काढून घेतली. उत्सव बंद पडला, पालखीला वाळवी लागली. मग आमच्याकडे उरलं काय, तर सोवळं. बाकीचं जसजसं गेलं तसतसं ते वाढत गेलं. माझे वडील मार्तंडराव, त्यांना सगळे अण्णा म्हणत, ते या सोवळ्याचे मुख्य राखणदार. अंगणातून बोहारीण गेली तरी सडा घालायला लावायचे. पण देवळात कुणी शेठ आला आणि रुपया ठेवला, की त्याची जात विचारायची त्यांना आठवणच राहायची नाही.

निळूकाकाचं वर्णन करायला बसलं तर हाताला फारसं काही लागत नाही. ठेंगणा होता, डोळ्यांनी अधू होता, मंत्र म्हणायला बसला की तिसऱ्या ओळीला घसरायचा. लग्न जमलं नाही, नोकरी टिकली नाही. अण्णा त्याला शंख म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, शंखच होता तो. त्याचं प्रेम दोनच गोष्टींवर. एक माझी आजी, म्हणजे त्याची आई, राधाबाई. दुसरे तिच्या हातचे भरड्याचे वडे. आजी वडे तळायला बसली की हा तिशीचा घोडा चुलीपाशी उकिडवा बसून वाट बघायचा, आणि आजी पहिला वडा फुंकून फुंकून त्याच्या तोंडात घालायची. ते बघून अण्णांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जर्मनची लढाई चालू होती त्या सुमाराला काकाच्या दंडावर एक फिकट चट्टा उठला. आमचे बापूराव भटजी, जे मूळव्याधीपासून मंगळापर्यंत सगळं ओळखायचे, त्यांनी लांबूनच मान डोलावली. "महारोग. पूर्वजन्मीचं पाप." झालं! भावानं भावाला त्याच दिवशी परसातल्या रिकाम्या गोठ्यात घातलं. जेवण काठीनं सरकवायचं, अशी अण्णांची आज्ञा. आजी रडायची, पण काठीनंच सरकवायची. करते काय? घरात चालायचं अण्णांचं, आणि अण्णांच्या डोक्यात चालायचं बापूरावांचं. पंधरवडाभर असं झालं आणि मग अण्णांनी एक्का बोलावला आणि काकाला बरुआसागरच्या रस्त्यावरच्या कोढ़ीखान्यात धाडून दिलं. महारोग्यांसाठी मिशनवाल्यांनी चालवलेला तो. एक्केवाल्याला अण्णांनी बजावलं, "घराचं नाव सांगू नकोस."

पुढचं मला काकानं सांगितलं. कोढ़ीखान्यात पहिल्या दिवशी तो एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. जेवणाची वेळ झाली. जयसिंग नावाचा एक म्हातारा तिथे कामाला होता, आधीचा ठाकूर, नंतर ख्रिस्ती झालेला. ज्यांच्या हाताची बोटं झडली होती त्यांना भरवायचं, हे त्याचं काम. तो थाळी घेऊन काकासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "खाओ भैया." काका म्हणाला, "ठेवून द्या, लांबून." जयसिंगनं थाळीतल्या रोटीचे दोन तुकडे केले. एक काकाच्या तोंडाशी धरला, दुसरा स्वतः खाल्ला, त्याच डाळीत बुडवून. अजून डॉक्टरनं काकाला बघितलंही नव्हतं. चट्टा कशाचा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. "इंदू," काका मला म्हणायचा, "पंधरा दिवसांनी माणसाचा हात इतका जवळ आला होता गं. मी रोटी खाल्ली की रडलो, काही आठवत नाही."

दोन दिवसांनी डॉक्टर आला, चट्ट्यावर सुई टोचली आणि काका ओरडला. डॉक्टर हसला. महारोगाच्या चट्ट्याला टोचलेलं कळत नसतं. साधा कातडीचा आजार होता, मलमानं गेला. बापूरावांचं पूर्वजन्मीचं पाप दोन आण्यांच्या डबीत बसलं.

आता गंमत ऐका. बरा झालेला काका घरी आला ते दोन महिन्यांनी. अण्णांनी चक्क त्याला ओसरीवर बसवलं. काका म्हणाला, "अण्णा, मी तिथेच राहणार आहे, जयसिंगच्या हाताखाली. आणि मी बाप्तिस्मा घेणार आहे. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगायला आलो."

अण्णांनी आधी दार लावून घेतलं. मग काय म्हणाले माहीत आहे? "अरे, मनात येशू ठेव नाहीतर पीर ठेव, कोण बघायला येतंय! फक्त तोंडानं बोलू नकोस. चार दिवस पंचगव्य घे, इथे राहा, देवळात घंटा बडव. हवं तर रात्री उशीत तोंड खुपसून त्याचं नाव घे."

हा आमचा धर्म! तोंडावर फडकं बांधलेला. काका म्हणाला, "नाही अण्णा. त्या म्हाताऱ्यानं लपून नाही खाल्लं माझ्याबरोबर."

मला ख्रिस्ताचं काही पडलेलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. मी आयुष्यभर देवीला हळद वाहिली, पुढेही वाहीन. काकाचे ते पाद्रीसाहेबही काही कमी नव्हते, त्यांचं सांगेन पुढे. पण त्या दिवशी दोन भावांमध्ये शंख कोण, हे मला कळलं.

मग घटस्फोट झाला. आता घटस्फोट म्हटला की नवरा-बायको आठवतात. आमच्या लहानपणी तो जातीबाहेर गेलेल्याचा करायचे. मोलकरणीकडून पाण्यानं भरलेली घागर लाथेनं पालथी करवायची, आंघोळी करायच्या, आणि जिवंत माणसाचं मेलेल्यासारखं क्रियाकर्म उरकायचं. बापूरावांनी दक्षिणा घेतली, घागर लवंडली, आणि निळूकाका मेला. तिकडे कोढ़ीखान्यात तो त्या वेळी कुणाचं तरी जेवण कालवत असेल.

पण आजी वस्ताद होती. आयुष्यभर मान खाली घालून जगलेली बाई, तिनं पितृपक्ष आल्यावर मान वर केली. म्हणाली, "निळू मेला ना? मग त्याचं पान वाढायला हवं." बापूराव म्हणाले, "पतिताला श्राद्ध नसतं, राधाबाई." आजी म्हणाली, "मेला तरी म्हणा, नाहीतर जिवंत तरी म्हणा. दोन्हीतलं काय ते एकदा ठरवा. माझं पोर अधांतरी नका टांगू." बापूरावांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी बापूरावांकडे बघितलं. शेवटी शास्त्राला बगल सापडली, ती नेहमीच सापडते. नाव घ्यायचं नाही, संकल्प सोडायचा नाही, नुसतं एक पान परसातल्या भिंतीवर कावळ्याला ठेवायचं, षष्ठीला. आजीला तेवढंच हवं होतं. वर्षातून एकदा तिला निळूसाठी वडे तळता येणार होते.

दुसऱ्या वर्षी हे काकाच्या कानावर गेलं. कुणी नेलं ते विचारू नका, मी तेव्हाही गप्प बसणारी नव्हते. षष्ठीला दुपारी परसाच्या भिंतीपलीकडे गल्लीत तो हजर! आजीनं भिंतीवर पान ठेवलं, काव काव केलं, कावळ्यानं येऊन चोच मारली आणि उडाला. तसा काकानं हात वर करून पान अलगद उतरवून घेतलं, गल्लीत मांडी घातली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, आणि जेवायला लागला.

अण्णा धोतर सावरत परसदारी धावले. "लाज नाही वाटत? तू मेला आहेस!"

"हो अण्णा, मेलोच," काका म्हणाला, तोंडात वडा. "म्हणून तर आलो. माझंच पान आहे ना?"

समोरच्या हलवायाची बायको खिडकीतून ओरडली, "अरे पंडितजी, आपके पितर तो बड़े तगड़े हैं! वड़ा खा रहे हैं!" सगळी गल्ली हसली. अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आजी दाराच्या फटीतून बघत होती. तिला बाहेर यायची बंदी होती, पण तिच्या गालावरचं पाणी आणि ओठांवरचं हसू मी एकाच वेळी पाहिलं.

तिकडे मिशनमध्येही बातमी पोचली. पाद्रीसाहेबानं काकाला उभं केलं. मृतांना वाहिलेलं अन्न खातोस? हा मूर्तिपूजेचा भाग आहे! काका म्हणाला, "साहेब, ते ज्या मेलेल्याला वाहिलंय तो मी आहे. आणि मी काही देव नाही. माझ्या आईनं माझ्यासाठी वडे केलेत." साहेबानं तरी महिनाभर काकाला चर्चमधल्या प्रभुभोजनाला बसू दिलं नाही. इकडचे बाहेर काढतात, तिकडचे बाजूला बसवतात. माणसाला जेवू घालायची वेळ आली की सगळ्यांना धर्माची कशी फटाफट आठवण येते!

काका येत राहिला. पुढे तो एकटा येईना. कोढ़ीखान्यातले दोघंतिघं बरोबर असायचे, फडकी गुंडाळलेले. पानातला वडा तोडून त्यांच्या तोंडात घालायचा, मग स्वतः खायचा. अण्णांनी उपाय केले. एका वर्षी पान कौलांवर ठेवलं, तर काका रिकाम्या हातानं बसून राहिला, वर कावळ्यांकडे बघत, आणि आजी त्या रात्री जेवली नाही. अण्णांनी परसदाराला कुलूपही घातलं.

आजीला आता कमी दिसायला लागलं होतं. मोतीबिंदू. माणूस समोर असला तर सावलीसारखा दिसायचा. एकदा चुलीपाशी बसून ती मला म्हणाली, "इंदू, पार अंधार व्हायच्या आत एकदा त्याला माझ्या हातानं भरवायचंय. भिंतीवर ठेवून नाही. मी काठीनं सरकवलं होतं गं त्याला जेवण. माझ्या मेल्या हातांनी ती काठी धरली होती." मी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "तुझं लग्न व्हायचंय. तिला म्हणावं, नात हवी की वडे हवेत, ठरव." आणि खरंच, हे त्यांनी म्हाताऱ्या आईला विचारलं. माझ्या नावानं तिचं तोंड बंद केलं गेलं, याची मला आजही चीड येते.

लग्नाची बोलणी चालली होती सागरच्या गोपाळरावांच्या मुलाशी. गोपाळराव म्हणजे अण्णांच्याही वरताण. त्यांच्या सोवळ्याला घडी पडलेली चालायची नाही. ते श्राद्धासाठी गयेला निघाले होते, वाटेत झाशीला उतरले, आणि मुक्काम आमच्याकडे. आले ते नेमके पंचमीला. अण्णांची गाळण उडाली. षष्ठीला सकाळपासून ते घरात येरझारा घालत होते. परसदाराचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. बापूरावांना बोलावून बसवून ठेवलं, वेळ पडली तर शास्त्र हाताशी असावं म्हणून.

पण कुलूप परसदाराला होतं. पुढच्या दाराला कोण कुलूप लावणार, पाहुणा घरात असताना!

दुपारी गोपाळराव सोवळ्यात पाटावर बसले होते. आजीनं चुलीपाशी एक पान वाढलं. भात, खीर, आमसूल मिळत नाही म्हणून आमचूर घातलेली चटणी, चार वडे. ते दोन्ही हातांवर घेतलं आणि उठली. मी म्हटलं, "आजी, कुठे?" ती म्हणाली, "तू माझा पदर धर आणि वाट दाखव. बोलू नकोस." मी पदर धरला. आम्ही माजघरातून, गोपाळरावांच्या पाटासमोरून, ओसरीवरून पुढच्या दारानं बाहेर पडलो. अण्णा ताडकन उठले, पण पाहुण्यापुढे म्हाताऱ्या आईचा हात धरून ओढणार कसे? वळसा घालून आम्ही मागच्या गल्लीत गेलो. काका बसला होता. त्याच्याबरोबर दोघं होते.

आजी जमिनीवर बसली. चाचपडत त्याचं तोंड शोधलं, नाक, डोळे, दाढीची खुंटं. मग वडा उचलला, फुंकला, तो गार होता तरी फुंकला, आणि त्याच्या तोंडात घातला. काका लहान मुलासारखा हुंदके देत चावत होता. आजी म्हणाली, "रडू नकोस, ठसका लागेल." मग तिनं शेजारच्याकडे तोंड वळवलं. "तू कोण रे बाबा? तूही खा." त्याच्या हाताला बोटं नव्हती. आजीनं त्यालाही भरवलं. आणि त्याच पानातला उरलेला अर्धा वडा तिनं आपल्या तोंडात टाकला.

मी वर बघितलं. आमच्या माजघराच्या परसाकडच्या उंच खिडकीत गोपाळराव उभे होते, सोवळ्यातले, डोळे खोबणीतून बाहेर आलेले.

आता खरं म्हणजे संपलं होतं. आजी बाटली, माझं लग्न मोडलं, देवळाची पूजा गेली. आम्ही घरी परत आलो तेव्हा गोपाळराव विचारत होते, "हे काय मार्तंडराव? कोण माणसं ती?"

अण्णांचा घसा कोरडा पडला होता. पण खोटं बोलायला घसा ओला लागत नाही. म्हणाले, "कुळाचार आहे आमचा."

"कुळाचार?"

"कोकणातून चालत आलेला," बापूराव मध्ये पडले. पडणारच, गेली कैक वर्षं त्या घरचं तूप खाल्लेलं. "षष्ठीला घरच्या ज्येष्ठ स्त्रीनं बाहेरच्या अतिथीला स्वहस्ते भरवायचं आणि शेष भक्षण करायचं. त्या दिवशी दोष नाही. पोथीत आधार आहे." कुठल्या पोथीत, ते देवीलाच ठाऊक.

गोपाळराव खाली गल्लीत जाऊन विचारू शकले असते. काकानं नाव सांगितलं असतं, त्याच्या पोटात खोटं राहतच नव्हतं. पण गोपाळराव सोवळ्यात होते. गल्लीत महारोगी बसलेले. विटाळ होईल म्हणून ते खिडकीतूनच बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव पसरला. "धन्य तुमचं कुळ," ते म्हणाले. माझं लग्न पक्कं झालं. अशी मी सागरला गेले, एका थापेवर बसून. नवरा बिचारा चांगला होता, चारच वर्षांत गेला, आणि मी परत इथे आले.

मी परत आले तर कुळाचार जोरात! गोपाळरावांनी सागर, ग्वाल्हेर, सगळीकडे आमची कीर्ती सांगितली होती. लोक बघायला येत. आता थांबवला तर थाप उघडी पडणार. झक मारून अण्णांना दर षष्ठीला दार उघडावं लागायचं. आजी गल्लीत जायची, निळूकाकाला भरवायची, त्याच्याबरोबरच्यांना भरवायची आणि खायची. पुढे तिला काहीच दिसेना, पण तिचा हात बरोबर त्याच्या तोंडाशी जायचा. ती गेली त्या वर्षीपर्यंत तिनं हे केलं. मग माझ्या आईनं केलं, नाक मुरडत.

अण्णांनी एकदा माझ्याकडून काकाला निरोप धाडला. "कुणी विचारलं कोण तू, तर वाटसरू म्हणून सांग." काका म्हणाला, "इंदू, त्यांना सांग, मी होऊन कुणाला काही सांगायला जाणार नाही. पण विचारलं तर सांगणार. मी निळू. यांचा भाऊ. येशूचा माणूस."

आणि बघा, एवढी मोठमोठी मंडळी येऊन गेली, हात जोडून गेली, आमच्या कुळाला धन्य धन्य म्हणून गेली. एकानं, एकानंसुद्धा गल्लीतल्या माणसाला विचारलं नाही की बाबा, तुझं नाव काय.

काका कोढ़ीखान्यातच म्हातारा झाला, तिथल्याच दफनभूमीत गेला. जयसिंगशेजारी. त्याच्या हातून किती लोक ख्रिस्ती झाले म्हणाल तर मला तरी एकही माहीत नाही. पाद्रीसाहेबाच्या हिशेबी तो फुकटच गेला असेल. पण त्याच्या मागे कोढ़ीखान्यातले लोक षष्ठीला येतच राहिले. आता तर रोगावर गोळ्या निघाल्यात, तरी चारपाच जुने म्हातारे येतात. भरवते ती विद्याधरची बायको, सरला. गुणी पोर आहे, पण ती भरवताना पदर नाकाला लावते. घराला बरकत येते असं तिला सासूनं सांगितलं होतं, म्हणून करते.

तर ही यंदाची षष्ठी. विद्याधरनं भाषणात आमंत्रणच देऊन टाकलं होतं. मागच्या गल्लीत सतरंज्या, खुर्च्या, वर्तमानपत्राचा एक माणूस, मंडळातली पंचवीसएक माणसं. आणि पानासमोर कोण? देवळातून आणलेला एक गोरागोमटा भटाचा पोरगा, आंघोळ घालून, गंध लावून बसवलेला. "फोटो निकालना है आत्या, ज़रा साफ़सुथरा दिसायला हवं," विद्याधर म्हणाला. कोढ़ीखान्यातून आलेल्या म्हाताऱ्यांना त्यानं गल्लीच्या तोंडाशी थोपवून धरलं होतं. "नंतर पाकिटं देऊ," म्हणाला. यंदा आलेले तिघं तिकडे भिंतीला टेकून बसले होते, तोंड खाली घालून.

सरला पान घेऊन उभी. वर्तमानपत्रवाला माझ्याकडे वळला. "माताजी, आप सबसे बड़ी हैं. यह परंपरा किसने शुरू की?"

विचारलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. विद्याधर कौतुकानं हसत होता. मी सांगितलं. हिंदीत सांगितलं, म्हणजे कुणी समजलं नाही असं म्हणायला नको. म्हटलं, "मेरे चाचा नीलकंठ की थाली है यह. ईसाई थे. हमने उन्हें जीते जी मार दिया था. उनकी माँ ने यहीं बैठकर उन्हें खिलाया, और कोढ़ियों को खिलाया. पेशवा-वेशवा कुछ नहीं. झूठ है सब."

खुर्च्या करकरल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी टोपी काढून पुन्हा घातली.

विद्याधरचं तोंड थेट अण्णांसारखं झालं. तो वर्तमानपत्रवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आत्याजी की तबीयत ठीक नहीं रहती. उमर हो गई है. कुछ भी बोल देती हैं." वाहवा रे पठ्ठ्या! आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काही असेल, तर ते हे. लोकांनी सुटकेचे निःश्वास टाकले. आत्या म्हातारी, हे सगळ्यांनाच सोयीचं होतं.

सरलानं मात्र माझ्याकडे बघितलं. तिनं हळूच विचारलं, "आत्या, खरं?"

"खरं," मी म्हटलं.

मला वाटलं, आता ही पान खाली ठेवणार. ठेवलं असतं तरी मी तिला काय बोलणार होते? बरकत तर मीच तिच्या हातून काढून घेतली होती. पण त्या गंध लावलेल्या पोराच्या समोरून, खुर्च्यांमधून, "सरला, सुनो तो" म्हणणाऱ्या नवऱ्याच्या बाजूनं ती सरळ गल्लीच्या तोंडाशी गेली आणि नवी साडी नेसलेली ती भिंतीला टेकलेल्या पहिल्या म्हाताऱ्यासमोर जमिनीवर बसली. वडा तोडला. यंदा पदर नाकाशी गेला नाही. हात त्याच्या तोंडाशी नेला आणि मध्येच थांबवला.

"बाबा," तिनं विचारलं, "आपका नाम क्या है?"

म्हातारा दचकला. त्यानं मागे वळून बघितलं, आपल्यालाच विचारलंय का म्हणून. मग बोटं नसलेला हात छातीशी नेला.

"हल्के," तो म्हणाला.

"लो, हल्के बाबा," सरला म्हणाली, आणि त्याला घास भरवून उरलेला तुकडा तिनं आपल्या तोंडात टाकला.